ड्रमर बघून अ‍ॅम्प घ्यायचा

प्रश्न: दादा नमस्कार, मी पुण्यात एका ब्लूज-रॉक ट्रायोत गिटार वाजवतो, स्ट्रॅट आहे. महिन्यातनं दोन-तीनदा कॅफेत नाहीतर छोट्या पबमध्ये गिग असतो, समोर ५०-६० माणसं. आत्तापर्यंत मल्टिइफेक्ट थेट मिक्सरला लावत होतो, आता खराखुरा ट्यूब (व्हॉल्व्हवाला) अ‍ॅम्प घ्यायचाय. एक मित्र म्हणतो ४० वॉटच्या खाली बघूच नकोस, ड्रम्समध्ये दबशील, दुसरा म्हणतो ५ वॉट पुरे. शिवाय मामा डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याला आणायला सांगू का? तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गाडी म्हणजे स्कूटर.
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुझा ड्रमर कसा वाजवतो ते लिहिलंच नाहीयेस की रे, आणि मला विचारशील तर सगळं त्याच्यावरच आहे. माणसं ५० आहेत का ८० याने फार फरक पडत नाही, त्यांच्यापर्यंत आवाज पीए (जागेवरचे मिक्सर आणि मोठे स्पीकर) नेतो. तुझ्या अ‍ॅम्पला फक्त स्टेजवर स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडकडीत ड्रमच्या) शेजारी उभं राहता आलं पाहिजे.

वॉटचं गणित आधी डोक्यातनं काढून टाक. १५चे ३० वॉट केले तर आवाज डबल होत नाही, ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला 'हां, जरासा मोठा झाला' एवढंच. डबल वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. १५ आणि ४० मधला फरक चार-साडेचार डेसिबल, आणि त्यातले तीन तर नुसता जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर लावूनही मिळतात, ९७ डेसिबलवाल्याच्या जागी १०० वाला. मग जास्त वॉट कशाला? तर क्लीन आवाज न फाटता वर नेता यावा म्हणून.

आणि तुला तर ब्लूज वाजवायचंय, म्हणजे थोडा फाटलेलाच पाहिजे ना! मी स्वतः ही चूक केलीये, पहिला अ‍ॅम्प ४० वॉटचा घेतला आणि एका कॅफेत गेलो तर व्हॉल्यूम दोनच्या वर नेला की मालक काउंटरवरून हात खाली-खाली करायचा, दोनवर तो अ‍ॅम्प अगदी मरगळलेला वाजायचा, आणि एवढं करून २० किलोचं धूड रिक्षात घालून घरी आणायचं. वर्षभरात विकला.

तर ड्रमर ब्रश किंवा रॉड्सने वाजवणारा असेल तर ५ वॉट आणि समोर एक माइक, चालतं. पण रॉक म्हणतोयस म्हणजे काठीनेच हाणत असणार, त्याला ५ वॉट पुरत नाही, क्लीन तर अजिबात नाही. तुझं घर १५ ते २२ वॉटमध्ये आहे. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, आत ६व्ही६ जातीच्या दोन ट्यूब, १९६३ सालापासूनचं डिझाइन, क्लीनला माझ्या मते या साइझमध्ये तोड नाही, पण मास्टर व्हॉल्यूम (आवाज आत फाटवून बाहेर हळू सोडायचं बटण) नाही, म्हणजे फाटवायचा तर मोठ्यानेच, आणि वजन १९ किलोच्या आसपास. व्हॉक्स एसी१५ मध्ये ईएल८४ जातीच्या दोन ट्यूब, लवकर फाटतो आणि फार गोड फाटतो, मास्टर पण आहे, पण बारा इंची स्पीकरचा कॉम्बो (अ‍ॅम्प-स्पीकर एकाच पेटीत) २० किलोच्या वर जातो, तुझ्या जिन्याला रामराम. फेंडर ब्लूज ज्युनियर पण १५ वॉट आणि ईएल८४च, वजन साधारण १४ किलो. पेटी लहान म्हणून खालचे सूर तेवढे भरून येत नाहीत, पण ट्रायोत बास आहेच की. तीन मजले आणि स्कूटर बघता मी हाच घेईन. खुर्चीवर ठेव, तोंड वर कानाकडे कर आणि माइक लाव, आवाज गुडघ्यात गेला की माणूस उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो.

(घरी ट्यूब अ‍ॅम्प म्हटलंस तर ट्यूबलाइट समजतील. 'जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह' सांग, आजोबांना लगेच कळेल. ईएल८४ मुळात रेडिओ-रेकॉर्डप्लेयरसाठीच निघालेला.)

गिगला गेलास की आधी सॉकेटचं अर्थिंग बघ. मांडवात, जनरेटरवर तर हमखास बघ. हम (घूं असा आवाज) येतोय म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करायचं नाही, उद्या हातात गिटार आणि ओठ माइकला लागले की झटका बसेल, आणि तो जीवावर बेतू शकतो. शक्यतो पीए आणि अ‍ॅम्प एकाच लाइनवर घे. स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प कधी चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि व्हॉल्व्ह बदलायचे तर बंद करून गार होऊ दे, पण चासीत (आतल्या धातूच्या पेटीत) हात घालू नकोस, आत ३०० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं.

आता मामा. तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण आपले ५० हर्ट्झ ५०च राहतात, आणि नुसत्या ६०साठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. वर १५ वॉटचा अ‍ॅम्प भिंतीतनं १५च वॉट घेतो असं समजून छोटा स्टेपडाउन घेशील, तर दोन ईएल८४ आणि तीन छोट्या १२एएक्स७ ट्यूबची नुसती हीटर तापवायलाच १५ वॉट लागतात, बाकीचं वेगळंच. म्हणजे दणकट स्टेपडाउन घ्यायचा आणि तोही दर गिगला उचलायचा. त्यात इथे दुरुस्तीला नेलास तर वॉरंटीचं कोण ऐकणार? अ‍ॅम्प इथलाच २३० व्होल्टचा घे, सेकंडहँड असला तरी चालेल. मामाला ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटवणारं) पेडल आणायला सांग, ते ९ व्होल्टवर चालतं, बॅगेत मोज्यात गुंडाळून येतं, आणि १५ वॉटच्या अ‍ॅम्पसमोर तुला ते लागणारच आहे.