हॉर्नचा एस-११ शून्य डीबीच्या वर जातोय, सॉफ्टवेअर चुकतंय का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: सिम्युलेशनमध्ये डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडला (मायक्रोवेव्ह लाटा नेणाऱ्या आयताकृती धातूच्या नळीला) पिरॅमिडल हॉर्न (तोंडाकडं फाकत जाणारा अँटेना) जोडलाय, ५ ते १२ गिगाहर्ट्झ स्वीप लावलाय, खालच्या टोकाला एस-११ (किती लाट परत फिरते ते) शून्याच्या वर जातो, म्हणजे पाठवली त्याहून जास्त परत आल्यासारखी दिसते, आणि मेश (हिशेबासाठी विणलेली जाळी) बारीक केला की गेन (अँटेना लाट एका दिशेला किती एकवटतो ते) बदलतो.

सॉफ्टवेअरवर एवढ्यात खापर फोडू नका. मी फोडलं होतं, तीन दिवस.

हॉर्न बाजूला काढा. नुसती १०० मिमीची सरळ नळी, दोन्ही टोकांना पोर्ट (लाट आत सोडायची नि मोजायची दारं), एवढंच चालवा. याचं उत्तर कागदावर निघतं. टीई-१० मोडचा (नळीतून सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीला जाणाऱ्या लाटेच्या प्रकाराचा) कटऑफ म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले रुंदीची दुप्पट, रुंदी २२.८६ मिमी, म्हणून ६.५६ गिगाहर्ट्झ. त्याखाली लाट पुढे सरकतच नाही, जागच्या जागी विरते. ६ गिगाहर्ट्झला १०० मिमीत साधारण ४८ डीबी गेलेच समजा. तुमच्या स्वीपचा पहिला दीड गिगाहर्ट्झ असा कटऑफखालीच जातोय. तिथं एस-११ शून्याच्या वर गेला काय नि खाली राहिला काय, त्यातून काही वाचायचं नसतं. ८.२ ते १२.४ लावा, ही नळी त्याच पट्ट्यासाठी आहे. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह मेशची (सॉफ्टवेअर दर पासला, म्हणजे दर फेरीला, आपोआप बारीक करतं त्या जाळीची) फ्रिक्वेन्सी ५ वर राहिली असेल तर ती १२ च्या आसपास न्या. ५ साठी विणलेली जाळी १२ ला विरळ पडते. गेन हलतो तो बहुतेक यामुळेच.

आता माझे तीन दिवस. मे महिना, सोलापूरचं ऊन, लॅपटॉपखाली दोन विटा आणि समोर टेबलफॅन. रिकाम्या नळीचा कटऑफ ५.९ येत होता. मेश बदलला, पोर्ट बदलले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, आकडा हलेना. शेवटी कंटाळून हॉर्नचा पत्रा वाकवून घ्यायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. तिथल्या कारागिरानं माझा कागद बघितला आणि विचारलं, "सर, हे माप आतलं का भाईरलं?" मी लॅबमधली नळी व्हर्नियरनं बाहेरून मोजली होती. २५.४ मिमी! भिंतीची जाडी दोन्हीकडून १.२७ धरून. २५.४ घालून बघा, ५.९ च येतं. सॉफ्टवेअर बिचारं बरोबर सांगत होतं.

नळी जमली की मग हॉर्न जोडा. ८.२ च्या वरही एस-११ शून्य ओलांडत असेल तर पोर्ट हॉर्न फाकतो तिथंच चिकटलाय का बघा. मध्ये २०-२५ मिमी सरळ नळी सोडा, म्हणजे तोंडाशी तयार होणारे वरचे मोड पोर्टपर्यंत पोचायच्या आत मरतात. इंटरपोलेटिंग स्वीप (मधले आकडे अंदाजानं भरणारा) वापरत असाल तर शंकेच्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी डिस्क्रीटमध्ये (एकेक प्रत्यक्ष) सोडवून ताडून घ्या. वेव्ह पोर्ट हवेच्या डब्याच्या (हॉर्नभोवती हिशेबासाठी धरलेल्या जागेच्या) आत येत असेल तर त्याच्या पाठीला धातूचं झाकण हवंच, हे एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये हमखास राहतं. डब्याची भिंत हॉर्नपासून निदान पाव तरंगलांबी लांब, ८.२ ला ती ९ मिमीच्या वर भरते. मी दुप्पट ठेवतो. रॅम थोडी जास्त खाते, खाऊ दे.

गेनचीही आधीच हद्द काढून ठेवा. ८० बाय ६० मिमी तोंडाला १० गिगाहर्ट्झवर ४π गुणिले क्षेत्रफळ भागिले तरंगलांबीचा वर्ग, म्हणजे ६७ पट, १८.३ डीबी. प्रत्यक्षात असा हॉर्न साधारण निम्म्यावर चालतो, १५ च्या आसपास. १९ दिसला तर खूश होऊ नका, चूक शोधा. आणि डेल्टा एस (एका पासपासून पुढच्या पासला एसचे आकडे किती हलले ते) ०.०२ च्या खाली गेला म्हणून गेनही ठरला असं होत नाही. दर पासला गेन लिहून ठेवा, शेवटच्या दोन-तीन पासला तो हलायचा थांबला पाहिजे.

एवढं करूनही अडलं तर रिकाम्या नळीचा एस-२१ चा (पलीकडच्या टोकाला किती लाट पोचली त्याचा) आलेख इथं टाका. सोबत नळीचं आणि हॉर्नच्या तोंडाचं माप. आतलं.