गाडी तुमची, उत्तर आमचं : जुना ट्रक, चारही चाकं आणि साडेसात टन

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही नवराबायको मूळचे नाशिकचे, गेली आठ वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय. दोघांनी मिळून एक वर्षाची सुट्टी काढायचं ठरवलंय, आधी मोरोक्को आणि जमलंच तर मध्य आशिया, पामीर हायवे. त्यासाठी जुना फोर बाय फोर ट्रक घेऊन त्यावर राहायची खोली बांधायची. तीन गाड्या बघून झाल्या. एक शेजारच्या गावच्या फायर ब्रिगेडची मागिरुस-डॉइट्झ १७० डी ११, आख्ख्या आयुष्यात १९,००० किलोमीटर पळालेली. दुसरी जर्मन आर्मीची मर्सिडीज १०१७. तिसरी मॅन काट, तिच्या तर नवरा प्रेमातच पडलाय, रात्री झोपताना पण तिचे फोटो बघत असतो. दोघांकडे फक्त कारचं लायसन्स आहे. कुठली घ्यावी?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : ताई, सगळ्यात आधी यजमानांना सांगा की काटचे फोटो बघणं बंद करा आणि काट्यावरचे आकडे बघा, म्हणजे वजनकाट्यावरचे. ट्रक निवडताना लोक इंजिन बघतात, टायर किती उंच आहेत ते बघतात, आणि वजनाचा हिशोब मांडतात सगळ्यात शेवटी, गाडी दारात उभी राहिल्यावर. तो पहिल्या दिवशी कागद-पेन घेऊन करायचा. पफ (म्हणजे फोम) भरलेल्या पॅनलची चार-साडेचार मीटरची खोली दारं-खिडक्यांसकट हजार-बाराशे किलो होते, आतलं फर्निचर, किचन, टॉयलेट धरा सहा-सातशे. पाणी ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. डिझेल ४०० लिटर म्हणजे साधारण ३३५. एक स्टेपनी, ती पण मोठ्या टायरची असेल तर डिस्कसकट दीडशेच्या आसपास. बॅटऱ्या, जॅक, अवजारं, वाळूत चाकाखाली टाकायच्या फळ्या अडीचशे. तुम्ही दोघं, कपडे, शिधा, यजमानांचा कॅमेरा आणि नाशिकहून आलेले पापड-लोणची मिळून तीनशे. झाले की तीन टनांच्या आसपास, कदाचित वरच, आणि अजून ट्रक धरलेलाच नाही.

आता जर्मनीत कारच्या बी लायसन्सवर साडेतीन टनापर्यंतच चालवता येतं, सी-वन काढलं तर साडेसात टन, आणि पूर्ण सी काढलं तर वरची मर्यादा नाही. साडेसातातून आपले तीन-सव्वातीन वजा केले की चेसिस आणि केबिनला उरतात फार तर सव्वाचार-साडेचार टन. तुम्ही बघितलेल्या तिघींपैकी कुणीही त्यात बसायची नाही, मॅन काट तर स्वप्नात पण नाही. तेव्हा शिकायचंच आहे तर दोघांनीही सरळ सी शिका, मेडिकल आणि डोळ्यांची तपासणी दोन्हीला लागतेच. सी-वन काढून मग कागदावर साडेसात टन लिहिलेली, प्रत्यक्षात नऊ टन भरलेली गाडी चालवणारे मी बघितलेत, पोलिसांनी काट्यावर चढवली की तिथेच प्रवास संपतो. साडेसात टनाच्या वर गेलात की जर्मनीतल्या साध्या हायवेवर ६० आणि ऑटोबानवर ८० ची मर्यादा लागते हेही आत्ताच माहीत असू द्या. पण खरं सांगू का, या गाड्यांना तसंही घाई करवत नाही.

आता एकेक गाडी.

काट आधी निकालात काढतो. गाडी जबरदस्त आहे यात वाद नाही, १९७० च्या दशकात आर्मीसाठीच बनवलेली, डॉइट्झचं हवेवर थंड होणारं व्ही-एट इंजिन, पुढे-मागे कॉइल स्प्रिंग, आणि चेसिस इतकी कडक की ती पिळतच नाही. पण ती रॉकेट लाँचर आणि दारूगोळा वाहायला बनवलीय, दोन माणसं आणि एक गॅसची शेगडी वाहायला नाही. डिझेल पिते बादलीने, केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि मोरोक्कोतल्या जुन्या गावातल्या गल्लीत अडीच मीटर रुंद गाडी घातलीत की मागे यायला अख्खं गाव मदतीला येतं. सहा चाकांवर अख्खं घर घेऊन जाणाऱ्यांनी घ्यावी. एक वर्ष, दोन माणसं, नको.

मर्सिडीज १०१७. तुम्ही पत्रात नुसतं १०१७ लिहिलंय म्हणून विचारतो, ताई, पुढे ए आहे का? हा आपल्या टाटासारखाच नंबरांचा खेळ आहे, १० म्हणजे दहा टनाचा वर्ग, १७ म्हणजे १७० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ए म्हणजे चारही चाकांना ताकद. जर्मन आर्मीकडे १०१७ पण होत्या आणि १०१७ ए पण, रंग तोच, केबिन तीच, फोटोत फरक कळत नाही. ए नसेल तर पुढचा एक्सल नुसता फिरायला आहे. खाली वाकून बघा, पुढच्या एक्सलला मध्ये डिफरेन्शियलचा गोळा आहे का आणि त्याच्याकडे शाफ्ट गेलाय का. याला दहा सेकंद लागतात, आणि ते न बघता पैसे भरलेली माणसं असतात. (मागिरुसचा नंबर उलटा वाचायचा बरं का, १७० हॉर्सपॉवर आणि ११ टन.)

ए असेल तर मला ही गाडी आवडते, आणि त्यात थोडी आपली माया पण आहे. तिच्यातलं इंजिन ओएम ३५२ ए, सहा सिलिंडर, ५.७ लिटरचं, टर्बोवालं. १९५४ ते १९६९ टाटा आणि डाईमलर-बेंझची भागीदारी होती, आणि आपल्या जुन्या टाटा ट्रकांमधलं ६९७ इंजिन हे याच घराण्यातलं, ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ओएम ३५२ चा पण बोअर तोच. मी वयाच्या सतराव्या वर्षी पिंपरीतल्या एका गॅरेजमध्ये जे पहिलं हेड उतरवलं ते ६९७ चं होतं, आणि पुढे जर्मनीत आल्यावर पहिल्यांदा ३५२ चं टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. अर्थात म्हणून पुण्याहून आणलेला प्रत्येक पार्ट तिकडे बसेलच असं नाही हं, नंबर जुळवूनच घ्यायचा. पण मुद्दा असा की हे इंजिन ब्राझीलमध्ये बनलं, इराणमध्ये चाललं, आफ्रिकेत अजून चालतंय, म्हणजे रस्त्यात बंद पडलात तर ज्याने हे आधी खोललंय असा माणूस सापडायची शक्यता जास्त. पंप पूर्ण मेकॅनिकल, कुठेही सेन्सर नाही, खराब डिझेल पचवतं. आणि पामीर हायवेवरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, तिथे विरळ हवेत बिनटर्बोचं इंजिन काळा धूर सोडत रांगतं, टर्बोवालं जरा बरं चढतं.

आता फायर ब्रिगेडची मागिरुस. १९,००० किलोमीटर ऐकून सगळ्यांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. चांगलं काय तर गाडी आयुष्यभर छपराखाली राहिली, गंज कमी, दर आठवड्याला कुणीतरी प्रेमाने पुसली. वाईट काय तर थंड इंजिन चालू करायचं आणि दुसऱ्या मिनिटाला फुल्ल पळवायचं, हेच तिचं आयुष्य. पंप चालवताना गाडी उभी असते, इंजिन मात्र तासन् तास चालतं, तेव्हा किलोमीटर नका बघू, तासांचा मीटर असला तर तो बघा. पाण्याची टाकी असेल तर ती कायम भरलेली, म्हणजे स्प्रिंगचे पाटे चाळीस वर्षं दबलेले. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं, ब्रेकचे होज, सील, डायफ्रॅम सगळं बदलायचं धरूनच भाव करा. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, शेवटचे चार आकडे बघा, २३०९ असेल तर २००९ सालचा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही नवीन दिसली तरी तो टायर वाळवंटात फाटणार. आणि त्या गाडीला बहुतेक मोठी दोन ओळींची केबिन असेल, म्हणजे मागे खोलीला जागा कमी, केबिन कापायची तर वेगळं काम.

हवेवर थंड होणारं इंजिन चांगलं की वाईट असं लोक विचारतात. रेडिएटर नाही, होज नाही, पाणी गोठायची भीती नाही, सैबेरियात रेल्वेच्या कामाला मागिरुस हजारोंनी गेल्या होत्या ते उगाच नाही. पण आवाज खूप, आणि केबिन गरम करायला वेगळा हीटर लागतो.

तर माझं मत विचाराल तर १०१७ ए, छोट्या केबिनची, चेसिस स्वच्छ असेल तर. नसेल तर मागिरुस. बघायला जाताना मालकाला आधीच फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड स्टार्ट बघा, ऑइलचं झाकण उघडून धूर भसाभस येतो का बघा, ब्रेकच्या हवेचं प्रेशर पूर्ण भरून इंजिन बंद करा आणि चहा प्या, चहा संपेपर्यंत काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय. केबिनच्या मागे चेसिसवर आणि पाट्यांच्या हँगरपाशी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आणि फोर बाय फोर, लो गिअर, डिफरेन्शियल लॉक हे तिन्ही खडीवर नेऊन खरोखर लावून बघा, डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे लॉक लागलं असं नसतं. फायर ब्रिगेडच्या गाडीत तर ती लिव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलीच नसते आणि जाम झालेली असते.

टायरबद्दल एकच सांगतो. मागे डबल टायर असतील तर ते काढून चारही सिंगल करा, डबलमध्ये दगड अडकतो आणि वाळूत मागची चाकं पुढच्याच चाकोरीतून जात नाहीत. पण लोड इंडेक्स बघून, १५२ लिहिलं असेल तर एका टायरला ३,५५० किलो, त्याप्रमाणे एक्सलचा हिशोब करा. ९.०० आर २० च्या जागी ३६५/८० आर २० घातले तर त्याच आरपीएमला ८० ऐवजी ८५-८६ चा स्पीड मिळतो, हा फुकटचा फायदा, फक्त चढावर तेवढीच ताकद कमी होते. १४.०० चे मोठे टायर फोटोत छान दिसतात. ती स्टेपनी खाली उतरवून बघा एकदा दोघांनी मिळून, मग ठरवा.

कागदांचं पण बघून ठेवा. आर्मीची गाडी सरकारी लिलावात, म्हणजे फेबेग कडून, घेतली तर जशी आहे तशी मिळते, गॅरंटी नाही, आणि नागरी रजिस्ट्रेशनसाठी पूर्ण तपासणी करून घ्यावी लागते. ३० वर्षांच्या वरच्या गाडीला एच नंबर (ऐतिहासिक गाडीचा) मिळतो, टॅक्स वर्षाला १९१ युरो आणि शहरातल्या पर्यावरण झोनमध्ये पण जाता येतं, मात्र त्यावर चकचकीत आधुनिक खोली बसवलीत तर इन्स्पेक्टर एच नाकारू शकतो. खोली बांधायच्या आधी त्याला ड्रॉइंग घेऊन भेटा.

प्रश्न : सर, मी म्युनिकला असतो. आर्मीची जुनी रेडिओची केबिन लिलावात घेऊन ट्रकच्या चेसिसला थेट आठ बोल्टांनी बसवली. एकदम मजबूत झालं. पण कच्च्या रस्त्यावर गेलं की केबिनचा दरवाजा उघडत नाही, सपाट रस्त्यावर आलं की उघडतो. आता तर कोपऱ्यात चीर दिसतीये. बिजागरी बदलू का?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : बिजागरीला हात लावू नका, तिचा काही दोष नाही. तुमचं मजबूत झालं हाच प्रॉब्लेम आहे. साध्या ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब चॅनल आणि मध्ये आडव्या पट्ट्या, ती मुद्दाम पिळण्यासाठी बनवलेली असते, पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं उजवं खड्ड्यात गेलं की ओला टॉवेल पिळावा तशी पिळते, म्हणूनच चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. त्यावर तुम्ही न पिळणारा डबा आवळून बसवला. मग दोघांपैकी एक हार मानणार, एकतर डबा फाटणार नाहीतर चेसिसला बोल्टपाशी तडा जाणार, आणि दुसरं जास्त महाग आहे.

चेसिसवर वेगळी सब-फ्रेम घ्या, ती एका टोकाला दोन ठिकाणी पक्की आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एकाच फिरत्या पिनवर, म्हणजे तीन पायांचं स्टूल जसं कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही तसं. तीन पॉइंट नको असतील तर चार पॉइंट पतंगासारखे, पुढे एक, मागे एक, मध्ये दोन, किंवा मग स्प्रिंगवाले बोल्ट. ड्रायव्हरची केबिन आणि खोलीमध्ये आरपार जायचा रस्ता ठेवला असेल तर तिथे पण लवचिक रबरी भाता लागेल, दोघं वेगवेगळे हलणार आहेत. आणि करायच्या आधी एक चाक फूटभर उंच ठोकळ्यावर चढवून ट्रकची मागची बाजू आणि ड्रायव्हरची केबिन यांच्यातला तिरपेपणा डोळ्यांनी बघाच, मग तुम्हालाच घाम फुटेल. आत्ताची चीर वेल्डिंगने भरू नका, माउंटिंग बदलल्यावर भरा.

प्रश्न : काका, आर्मीच्या लिलावात शक्तिमान ट्रक मिळतोय म्हणून मित्र मागं लागलाय. घेऊन मस्त घर बांधून लडाखला जायचं म्हणतोय. घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शक्तिमान म्हणजे जर्मन मॅनच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला ट्रक, १९९० च्या दशकात उत्पादन बंद झालं. गाडी दिलदार आहे, पण तुमचा प्रश्न गाडीचा नाही, आरटीओचा आहे. लिलावाची पावती म्हणजे आरसी बुक नव्हे, आणि बऱ्याचदा अशा गाड्या भंगार म्हणूनच विकतात, रस्त्यावर आणायला म्हणून नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ माहितीत बसणार नाही असा बदल करता येत नाही, म्हणजे मालट्रकचं घर केलं तर ते मंजूर करून नोंदवून घ्यावं लागतं. मित्राला म्हणावं बोली लावायच्या आधी चेसिस नंबर आणि लिलावाच्या अटींचा कागद घेऊन आरटीओत जा आणि हा माझ्या नावावर, मोटार कॅरॅव्हॅन म्हणून, नोंदवाल का असं लेखी विचार. लेखी हो आलं तर मला परत लिहा, मग पाट्यांपासून सुरू करू.