सिंधी नाही, पंजाबी नाही, मग अम्मांची भाषा कोणती?

प्रश्न: बाई, मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. आमच्या मजल्यावरच्या अम्मा नव्वदी ओलांडलेल्या आहेत. माहेर मुजफ्फरगडचं, सासर शिकारपूरचं. फाळणीनंतर आधी उल्हासनगरचा कॅम्प, मग कोपरी. घरात सगळे सिंधी बोलतात, पण दिल्लीच्या बहिणीला फोन लावला की अम्मा वेगळंच काही बोलू लागतात. विचारलं तर म्हणतात, "मुलतानी." नातवाने मोबाइलवर शोधून सांगितलं की याला सिरायकी म्हणतात. त्यावर त्यांचे दीर उसळले, "सिरायकी आम्ही, शिकारपूरवाले! ही कसली सिरायकी?" चेटीचंडच्या दिवशी दाल-पकवान राहिलं बाजूला आणि यावरून वाजलं. खरं कोणाचं? आणि ही भाषा पंजाबीची बोली आहे की सिंधीची?
– एक वाचक, कोपरी

उत्तर: दिरांपासून सुरुवात करते, कारण ते रागावले आहेत आणि त्यांचं म्हणणं सर्वांत जुनं आहे.

सिंधमध्ये 'सिरो' म्हणजे सिंधू नदीचा वरचा, उत्तरेकडचा मुलूख आणि 'लाड़ु' म्हणजे खालचा, समुद्राकडचा. सिरोकडून आलेला माणूस तो सिरायकी. आपल्याकडे कोकणातला माणूस वरच्याला 'घाटी' म्हणतो, तसलंच हे. बोलणारा खाली उभा आहे, एवढंच त्यातून खात्रीने कळतं. त्यामुळे शिकारपूर, सक्करकडची सिंधी ही सिरायकी. आणि त्याहून वर, मुलतानकडून सिंधमध्ये येऊन राहिलेल्या बलुची घराण्यांची आणि इतर कुटुंबांची भाषाही सिरायकीच. इंग्रजी अमलातले भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं त्यात या दोन्ही आहेत, एक सिंधीखाली आणि दुसरी निराळ्या भाषेखाली. म्हणजे दीर सांगतात ती सिरायकी खरोखर आहे. फक्त ती अम्मांची नव्हे.

आता अम्मा. मुलतान, मुजफ्फरगड, बहावलपूर, डेरा गाझी खान, डेरा इस्माईल खान हा सगळा पट्टा एकाच भाषेचा. पण तिथली माणसं आपल्या भाषेला गावाचं किंवा मुलखाचं नाव द्यायची. मुलतानची ती मुलतानी, दोन्ही डेऱ्यांची डेरेवाली, बहावलपूर संस्थानातली रियासती, वाळवंटी थळ भागातली थळोची. या सगळ्यांना मिळून 'सराईकी' किंवा 'सिरायकी' हे एक नाव घ्यायचं, असं तिथल्या लेखक-कार्यकर्त्यांनी ठरवलं ते १९६० च्या दशकात, म्हणजे अम्मा ठाणे जिल्ह्यात येऊन दीड दशक उलटल्यावर. त्यांनी मायभूमी सोडली तेव्हा तिथे त्यांच्या भाषेला हे नाव अजून पडायचंच होतं. दिल्लीला डेऱ्याच्या निर्वासितांनी वसवलेला भाग आजही डेरावाल नगर म्हणून ओळखला जातो. नवं नाव तिथेही उशिराच पोचलं. तेव्हा अम्मांना 'मुलतानी'च म्हणू द्या. नातवालाही रागावू नका, त्याने शोधलेलं नाव आजचं आहे.

बोली कुणाची, हा प्रश्न मला कॉलेजात शिकवताना दर वर्षी यायचा आणि उत्तर ऐकून मुलं दर वर्षी हिरमुसायची. त्यांना एका ओळीची व्याख्या हवी असायची आणि मी कानाला कामाला लावायचे. तुम्हीही तेच करा. पुढच्या वेळी अम्मा बहिणीशी बोलतील तेव्हा 'घर' हा साधा शब्द ऐका. सिंधी माणूस 'घरु' म्हणतो, शेवटी निसटता उकार असतोच. पंजाबी माणूस लिहितो 'घर', पण त्याच्या तोंडून आपल्या कानाला जवळजवळ 'कर' ऐकू येतं, कारण घ, झ, ढ, ध, भ यांचा मूळ उच्चार पंजाबीत विरून त्याजागी आवाजाची चढउतार आली. अम्मा मात्र आपल्यासारखं स्वच्छ 'घर' म्हणतील. एका शब्दात दोन्ही शेजारणी वेगळ्या पडल्या.

मग लहान मुलाला त्या काय म्हणतात ते ऐका. 'ॿाल' म्हणतील, पण तो ब आपला नाही. हवा बाहेर न फेकता किंचित आत ओढून केलेला तो ब आहे. ग, ज, ड यांचेही असे आतले जोडीदार आहेत. हे चारही सिंधीत आहेत, प्रमाण पंजाबीत नाहीत. म्हणजे इथे त्या सिंधीच्या बाजूला गेल्या. लगेच 'मी करीन' म्हणायला लावा. पंजाबी बाई 'करांगी' म्हणेल, सिंधी 'कंदियसि', आणि अम्मा 'करेसां'. हा स थेट संस्कृत 'करिष्यामि'कडून आलेला. तुमच्या इमारतीत कोणी गुजराती असेल तर त्यांच्या 'करीश'मध्येही तो सापडेल. आणि 'मी म्हणाले' एवढ्यासाठी त्या एकच शब्द वापरतील, 'आखिउम'. कर्ता क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला. सिंधीतही अशी शेपटी असते, 'चयुमि'. शब्दसंग्रह बराचसा पंजाबीशी जुळतो, म्हणून लुधियानाच्या माणसाला अम्मांचं बोलणं पुष्कळसं कळेल आणि तो बेधडक सांगेल, "पंजाबीच तर आहे!"

ग्रियर्सन यांनी १९१९ साली छापलेल्या खंडात पश्चिमेकडच्या या सर्व बोलींना 'लहंदा' नाव दिलं आणि सिंधीसोबत वायव्य गटात बसवलं. पंजाबी वेगळ्या, मधल्या गटात टाकली. मात्र दोहोंमध्ये स्पष्ट सीमारेषा नाही, एक भाषा हळूहळू दुसरीत मिसळत जाते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पंजाबीचे अभ्यासक याच वाक्यावर बोट ठेवतात आणि लहंदा ही साहेबाने टेबलावर बसून पाडलेली फाळणी आहे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण सलग पट्ट्यात सीमा धूसर आहे म्हणून दोन टोकं एक होत नाहीत. १९७६ मध्ये लंडनच्या ख्रिस्तोफर शॅकल यांनी या भाषेचं स्वतंत्र व्याकरण लिहिलं, आणि ते पंजाबीच्या व्याकरणाला चार तळटीपा जोडून लिहिता आलं नसतं. माझं मत विचाराल तर ती कुणाचीच बोली नाही.

उगमाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण इथे पुराव्यापेक्षा उत्साह जास्त आहे. जुनी पुस्तकं सिंधी आणि लहंदा या दोघींचं मूळ 'व्राचड' नावाच्या अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या एका भाषेत, शोधतात. पण व्राचड म्हणजे व्याकरणकारांनी केलेले मोजके उल्लेख. त्यावर वंशावळ उभी करणं धाडसाचं आहे. काही अभिमानी मंडळी सिरायकीला थेट हडप्पात नेऊन बसवतात. आपल्याकडेही मराठीबाबत असे लोक भेटतात, त्यांना जेवायला बोलवावं, वादाला नाही. भरवशाचा जुना धागा हवा तर बाबा फरीद घ्या. बारा-तेराव्या शतकातले हे संत मुलतानजवळ जन्मले, आणि आपल्या नामदेवांची पदं ज्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत त्याच ग्रंथात त्यांचे श्लोक आहेत. पंजाबी त्यांना आद्य पंजाबी कवी म्हणतात, सिरायकी त्यांच्या भाषेतले मुलतानी ठसे दाखवतात. भांडण चालू आहे. ख्वाजा गुलाम फरीद (१८४५–१९०१) यांच्याबाबत मात्र फारसं भांडण नाही. रोहीच्या वाळवंटातल्या पावसावर आणि विरहावर त्यांनी रचलेल्या काफ्या, म्हणजे गायची सूफी पदं, हा सिरायकीचा मानबिंदू, आणि पठाणे खान यांच्या आवाजात त्या ऐकल्या की भाषा येत नसली तरी माणूस जागचा हलत नाही. ऐकवून बघा अम्मांना.

आता दर्जा. पाकिस्तानात १९८१ च्या जनगणनेत सिरायकीला प्रथमच स्वतंत्र रकाना मिळाला. तोवर ही माणसं पंजाबीत मोजली जात. २०२३ च्या मोजणीत ती सुमारे २ कोटी ८८ लाख, म्हणजे देशाच्या साधारण १२ टक्के भरली. बहावलपूरच्या इस्लामिया विद्यापीठात १९८९ पासून तिचा विभाग आहे. पण सिंधीला सिंधमध्ये १९७२ च्या कायद्याने शाळा-कचेऱ्यांत जे स्थान मिळालं, तसं काही हिला कुठल्याच प्रांतात नाही. तिथे उर्दू आणि इंग्रजी.

यामागे जमीन आणि पाणी आहे, नुसतं व्याकरण नाही. इंग्रजांनी १८४९ मध्ये मुलतान घेऊन पंजाबात घातलं. कालवे निघाले तसे पूर्वेकडचे पंजाबी शेतकरी या भागात वसवले गेले. बहावलपूर हे अब्बासी नवाबांचं संस्थान १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानच्या एकाच प्रांतात विलीन झालं, आणि १९७० मध्ये तो प्रांत मोडला तेव्हा बहावलपूर परत उभं न करता पंजाबला जोडलं. लोक रस्त्यावर आले. प्रांताची मागणी तेव्हापासून धुमसते आहे. २०१२ मध्ये पंजाबच्या विधानसभेने दक्षिण पंजाब आणि बहावलपूर अशा दोन वेगळ्या प्रांतांचे ठराव केले, प्रांत मात्र एकही झाला नाही. 'सिरायकी' हे सामाईक नाव लागतं ते या सगळ्यासाठी. मुलतानी आणि रियासती अशा वेगवेगळ्या मोजल्या तर आकडा भरत नाही.

भारतात तर ही भाषा हिशेबातच फारशी नाही. सिंधी १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, हिचं नाव तिथे नाही. हरियाणा-दिल्लीत गेलेल्यांची नातवंडं हिंदी बोलतात. पूर्व पंजाबातल्या भाषावादाच्या काळात कित्येक हिंदू कुटुंबांनी मातृभाषेच्या रकान्यात हिंदीच लिहिली होती. कोपरी-उल्हासनगरात ती सिंधीच्या पोटात गेली. अम्मांच्या घरात नेमकं तेच झालंय.

प्रश्न: त्याच वाचकाचा जोडप्रश्न: अम्मांचं बोलणं लिहून ठेवायचं तर कुठल्या लिपीत?

उत्तर: देवनागरीत. पाकिस्तानात ती अरबी-फारसी वळणाच्या लिपीत, जास्तीची अक्षरं घालून लिहितात, पण ती तुमच्या घरात कोण वाचणार? भारतातल्या सिंधीसाठी देवनागरीत ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं केलेली आहेत, मोबाइलच्या सिंधी कळफलकात मिळतात. तीच वापरा.

जुन्या काळी मुलतानचे व्यापारी वेगळीच लिपी वापरत, तिचं नावही मुलतानी. त्यात काना-मात्रा-वेलांटी नाही. ज्याने खतावणी लिहिली त्यालाच ती वाचता यावी, अशी सोय. १८१९ मध्ये बंगालातल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी बायबलचा नवा करार या लिपीत छापला होता. आपल्या मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २०१४ ला जागा मिळाली, मुलतानीला पुढच्याच वर्षी.

लिहिण्याआधी ध्वनिमुद्रण करा, आणि "अम्मा, काहीतरी बोला" असं म्हणू नका. माणूस गप्प होतो. लग्नातली गाणी, उखाणे-कोडी, नात्यांची नावं, भाज्या, शिव्या. शिव्यांना सुनेने लाजू नये, त्यात जुनी रूपं चांगली टिकतात. मुजफ्फरगडच्या घराची खोलीन् खोली वर्णन करायला सांगा. दिल्लीच्या बहिणीचा फोन स्पीकरवर घ्या, त्यांची परवानगी विचारून. दोघी एकमेकींशी बोलतात ती भाषा तुमच्याशी बोलताना निघणार नाही.

प्रश्न: मुलतानी राग आणि मुलतानी माती यांचा या भाषेशी संबंध आहे का?
– एक वाचक, वाशी

उत्तर: शहराशी आहे, भाषेशी नाही. राग तोडी थाटातला, दुपारनंतर गायचा, आणि त्यातल्या बंदिशी बहुतेक ब्रजात. मातीबद्दल सौंदर्यतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: सिरायकी वेगळी भाषा, तर आमची अहिराणी का नाही? माझे वडील धुळ्याचे, मी ऐरोलीत वाढलो.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: व्याकरण पाहून म्हणाल तर अहिराणीचा दावा हलका नाही, तिच्यात गुजराती आणि राजस्थानी वळणाचं बरंच काही आहे. ग्रियर्सन यांनीही खानदेशी म्हणून तिला मराठीबाहेर ठेवलं होतं. पण दर्जा व्याकरणावर मिळत नाही. कोकणीचं पाहा. ती मराठीची बोली आहे, असं आपल्यातल्या मोठमोठ्या माणसांनी ठासून सांगितलं. गोवेकरांनी ऐकलं नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये अनुसूचीत आली. त्यांच्यामागे राज्य होतं, लिहिणारे होते आणि हट्ट होता. सिरायकीकडे यातलं राज्य सोडून बाकी आहे. अहिराणीत गाणी आणि व्हिडिओ जोरात आहेत, गद्य कमी आहे. तुम्ही वडिलांशी अहिराणीत बोलता की मराठीत, हे पत्रात लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी लिहा, आणि जमलं तर अहिराणीतच लिहा; छापायची जबाबदारी माझी.