बडवायझरवरून अमेरिकन बिअरचा निकाल लावायचा का?

प्रश्न: माझी आवडती बिअर होगार्डन. मेहुणा न्यू जर्सीला असतो, सुट्टीत आला की आमचा हाच वाद, तो म्हणतो आजकाल जगात भारी बिअर अमेरिकेत बनते, मी म्हणतो बडवायझर प्यायलोय मी, नुसती पाणचट, बेल्जियमपुढे काहीच नाही. खरं कोणाचं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: मेहुण्याचं बरंचसं खरं आहे हो, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तुमची होगार्डनच पुरे. होगार्डन हे बेल्जियममधलं गाव, तिथली शेवटची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, 1950 च्या दशकात बंद पडली होती. पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1966 मध्ये ही धने आणि संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर परत सुरू केली, 1985 ला ब्रुअरीला आग लागली, पैशांसाठी मोठ्या कंपनीला आत घ्यावं लागलं, शेवटी हा माणूस तिथून बाहेर पडला आणि गेला कुठे, तर टेक्सासला! 1992 मध्ये ऑस्टिनला त्याने नवी ब्रुअरी काढून तीच बिअर बनवली. आणि 2008 पासून होगार्डन आणि बडवायझर दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत, म्हणजे तुमची भांडणं एकाच घरातली.

आता बडवायझर. त्यात बार्लीसोबत तांदूळ असतो, चव मुद्दाम हलकी ठेवलेली असते. माझी ती आवडती नाही, पण वाईट बनवलेली म्हणणं मला पटत नाही, कारण इतक्या हलक्या बिअरमध्ये जराशी चूकही लपत नाही आणि दर बाटलीत तीच चव आणणं फार अवघड काम आहे.

अमेरिकेचं नाव झालं ते मात्र दुसऱ्याच बिअरमुळे. 1920 ते 1933 च्या दारूबंदीने छोट्या ब्रुअऱ्या झोपवल्या, उरलेल्या मोठ्यांनी गिळल्या, 1970 च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात शंभरसुद्धा राहिल्या नव्हत्या. मग 1978 ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन, जो आधीपासूनच घरी बिअर बनवायचा, त्याने सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी काढली, तिच्या पेल एल या बिअरमध्ये कॅस्केड नावाचे अमेरिकन हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं), पपनसासारखा वास, शेवटी स्वच्छ कडवटपणा. मला विचाराल तर माझी सगळ्यात आवडती हीच. आज तिकडे 9 हजारांवर ब्रुअऱ्या आहेत, सगळ्याच चांगल्या असं नाही, काहींच्या आयपीएमध्ये, म्हणजे जास्त हॉप्सच्या पेल एलमध्ये, हॉप्स एवढे कोंबतात की दुसरा घोट नको वाटतो.

पण होगार्डनसारखी गव्हाची बिअर आणि बडवायझरसारखी लागर समोरासमोर ठेवून निकाल लावू नका, ते कढी आणि ताकाची तुलना केल्यासारखं होतं. मेहुण्याला पुढच्या वेळी ॲलागॅश व्हाइट आणायला सांगा, तीही गव्हाचीच बिअर, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडची, 1995 पासून बेल्जियन पद्धतीनेच बनते. आयपीए आणायला सांगू नका, हॉप्सचा वास काही आठवड्यांत उतरतो आणि उन्हात राहिली तर संपलंच. ती आणि होगार्डन, दोन्ही बिअर फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढा, ग्लासात ओता, बाटलीतून पिऊ नका, अर्धी मजा वासात असते. कुठली कुठल्या ग्लासात ते बायकोला ठरवू दे, तुम्हा दोघांना सांगायचं नाही.