एचसीआयमधल्या (माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराच्या अभ्यासातल्या) युजर इव्हॅल्युएशनच्या पद्धती शिकायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टचं ॲप तयार आहे आणि गाईडना अहवालात युजर इव्हॅल्युएशनचं, म्हणजे वापरणाऱ्या लोकांसोबत ॲप तपासून बघण्याचं, प्रकरण हवंय. कोणती पद्धत आधी शिकू, किती लोक घेऊ आणि त्याआधी स्टॅटिस्टिक्स करावं लागेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी एक कळकळीची विनंती. ॲपची लिंक आणि गुगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पन्नास प्रतिसाद गोळा करू नका. एका माणसाच्या शेजारी बसून त्याला काम करताना बघायला शिका. या पद्धतीला थिंक-अलाउड म्हणतात: समोरचा माणूस काम करता करता मनात येईल ते बोलत राहतो आणि आपण ऐकतो, बघतो, लिहून घेतो. संगणकाच्या क्षेत्रात ती रुजवली आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी, १९८२ मध्ये. बाकीच्या पद्धती नंतर पटापट समजतात, पण हे बघणं आधी जमावं लागतं.

मी हे उलट्या क्रमाने शिकले. माझं पहिलं काम कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेसाठी होतं. दूध घालणाऱ्यांना रोजचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दहा दिवसांचं बिल फोनवर दिसावं, असं साधं ॲप. आम्ही संकलन केंद्रावर उभं राहून चाळीस जणांकडून फॉर्म भरून घेतले. सरासरी पाचपैकी साडेचारच्या वर आली. दोन महिन्यांनी संस्थेचे सचिव म्हणाले, ‘मॅडम, लोक अजून कागदाची पावतीच मागतात.’

मग परत गेले आणि एका मावशींच्या सोप्यात बसले. एवढंच विचारलं, ‘काल संध्याकाळच्या दुधाला फॅट किती लागलं, बघून सांगाल का?’ त्यांनी ॲप उघडलं, ‘ताजं वरच असतंय की’ असं पुटपुटल्या आणि वरच्या ओळीतला आकडा सांगितला. तो सकाळचा होता. सकाळ-संध्याकाळ ओळखायला आम्ही ओळींपुढे एम आणि ई ही इंग्रजी अक्षरं ठेवली होती, कारण संस्थेच्या मशीनमधून डेटा तसाच यायचा. मावशींना ती अक्षरं दिसलीच नाहीत. त्यांनी व्हॉट्सॲपचा नियम इथे लावला, आणि तो लावणं अगदी रास्त होतं. चुकीचा आकडा सांगून झाल्यावर म्हणाल्या, ‘लई चांगलं केलंयस गं पोरी.’ तिथे फॉर्म पुढे केला असता तर पाचपैकी पाच मिळाले असते.

आयएसओ ९२४१-११ हे मानक (सध्याची आवृत्ती २०१८ ची) युजेबिलिटीचे, म्हणजे वापरायला किती सोयीचं याचे, तीन भाग सांगतं: काम बरोबर होतं का, त्याला किती वेळ आणि श्रम लागतात, आणि माणूस समाधानी आहे का, आणि हे सगळं ठरावीक लोक, ठरावीक उद्देश आणि ठरावीक परिस्थिती यांच्यापुरतं. माझ्या फॉर्मने फक्त तिसरा भाग विचारला होता, आणि त्यातही लोकांचं सौजन्यच मोजलं होतं.

हे सौजन्य किती मोठं असतं, यावर बंगळुरूत झालेला एक अभ्यास तुम्ही वाचायलाच हवा. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ च्या सीएचआय या एचसीआयवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. ४५० लोकांना दोन गोष्टींतली कोणती आवडली, असं विचारलं होतं. जी गोष्ट मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवली आहे असं लोकांना वाटलं, तिला पसंती मिळण्याची शक्यता २.५ पट होती. मुलाखत घेणारा परदेशी असेल आणि दुभाषा लागत असेल, तर ती ५ पटींवर गेली. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला कोण ‘तुझं काम वाईट आहे’ म्हणणार? म्हणून ॲप तुम्ही बनवलंय हे सांगू नका; जमलं तर टेस्ट मित्राला घेऊ द्या आणि त्याच्या प्रोजेक्टची तुम्ही घ्या. ‘आवडलं का’ हा प्रश्नच काढून टाका. काम द्या आणि काय होतं ते बघा.

आता काम कसं द्यायचं, कारण नवशिक्यांची टेस्ट इथेच बिघडते. ‘माझे बिल या बटणावर जाऊन बिल पाहा’ हे टास्क नाही, तो पत्ता झाला. ‘या दहा दिवसांचे दुधाचे किती पैसे मिळणार, ते सांगा’ हे टास्क. स्क्रीनवरचा एकही शब्द टास्कच्या वाक्यात येऊ देऊ नका. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला आधीच ठाऊक असलं पाहिजे, आणि टास्क कुठे संपलं हेही आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

मग गप्प बसा. माणूस अडला की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मांडीखाली दाबून ठेवा. ‘बरोबर आहे ना?’ असं विचारलं तर मान हलवू नका, ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणा. ‘असं का केलं?’ हा प्रश्न टास्क चालू असताना टाळा. मानसशास्त्रातले संशोधक एरिक्सन आणि सायमन यांनी १९८० मध्येच दाखवून दिलं होतं की मनात चाललेलं नुसतं बोलणं वेगळं आणि त्याची कारणं देणं वेगळं. कारणं मागितली की माणसाचं वागणंच बदलतं. कारणं शेवटी विचारा.

आणखी एक अडचण पुस्तकात सापडणार नाही. ‘मोठ्याने विचार करा’ असं म्हटलं की आपल्याकडची बरीच माणसं उलट गप्प होतात. त्यावर मला दोन उपाय सापडले. पहिला, मी स्वतः फोनवर अलार्म लावून दाखवते आणि लावताना मनातलं सगळं बोलते. मग त्यांना ते काय असतं ते कळतं. दुसरा, दोघांना एकत्र बसवायचं. याला कन्स्ट्रक्टिव्ह इंटरॅक्शन म्हणतात. मी दोन जावांना एक फोन दिला होता आणि काही न सांगताच सगळं ऐकायला मिळालं: ‘अगं तिथं नको दाबू, ते पैसे कापतंय.’ त्या बटणाची लोकांना भीती वाटते, हे मला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने कळलं नसतं. फोन नातवाच्या हातात आणि आजी शेजारून विचारतेय, असं दिसलं तर त्या जोडीचीच टेस्ट घ्या, कारण प्रत्यक्षात वापर तसाच होणार आहे.

टेस्टला ‘परीक्षा’ म्हणू नका, माणूस धास्तावतो. ‘ॲपमध्ये कुठे अडायला होतं ते शोधायला मदत हवी आहे’ असं सांगा. रेकॉर्डिंगची परवानगी स्पष्ट मराठीत घ्या, नको म्हटलं तर लगेच बंद करा, आणि चेहरा लागत नसेल तर फक्त हात आणि स्क्रीन टिपा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे संमतीकडे आता गाईडही लक्ष देतात, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

किती लोक? ‘पाच पुरेत’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितातून आलं. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण ही सरासरी तुमच्या ॲपला लागू होईलच असं नाही. तीच ३१ ऐवजी १० टक्के धरून बघा: पाच जणांत जेमतेम ४१ टक्के. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या टेस्टमधून पाच-पाचांचे गट काढून पाहिले, तेव्हा काही गटांना फक्त ५५ टक्केच अडचणी सापडल्या होत्या. माझा सल्ला असा की पाच जण घ्या, सापडलेलं दुरुस्त करा, पुन्हा नवे पाच घ्या. पण ‘८० टक्के लोकांना टास्क जमलं’ असं त्यावरून लिहू नका. पाचपैकी चौघांना जमलं, तर खरा आकडा ९५ टक्के विश्वासार्हतेने साधारण ३६ ते ९८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. पाचपैकी चार असंच लिहा.

यातच स्टॅटिस्टिक्सच्या प्रश्नाचं उत्तर आलं. अडचणी शोधायच्या असतील तर सुरुवातीला ते लागत नाही. दोन डिझाइनची तुलना करायची असेल तर लागतं, आणि त्याहून आधी प्रयोगाची आखणी लागते. एकच माणूस अ आणि ब दोन्ही वापरणार असेल तर अर्ध्यांना आधी ब द्या, नाहीतर अ वापरून आलेल्या सरावाचं श्रेय ब ला जातं. मराठी कीबोर्डसारख्या गोष्टीत तर पहिल्या दिवसाचा वेग आणि महिन्याभराच्या सरावानंतरचा वेग ही दोन वेगळी उत्तरं असतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या गटाने, जिथे स्वरचक्र कीबोर्ड तयार झाला, मराठी टायपिंगवर असे लांब पल्ल्याचे अभ्यास केले आहेत. त्यांचे शोधनिबंध वाचा, आखणी कशी करतात ते तिथे आपल्या भाषेच्या संदर्भात दिसतं.

गाईडना आकडा हवाच असेल तर एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) वापरा. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली ही दहा विधानांची प्रश्नावली आहे; प्रत्येक विधानाला १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. येणारा गुण ० ते १०० असतो, पण ते टक्के नव्हेत. सर्वसाधारण सरासरी ६८ च्या आसपास मानतात. विधानं आलटून पालटून होकारार्थी आणि नकारार्थी असल्यामुळे मराठीत करताना लोक गोंधळतात. म्हणून भाषांतर आधी तिघांना वाचायला देऊन ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारा.

शेवटी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. रॉल्फ मोलिक यांनी एकदा नऊ तुकड्यांना स्वतंत्रपणे हॉटमेल तपासायला दिलं होतं. मिळून ३१० वेगवेगळ्या अडचणी निघाल्या आणि त्यातल्या ७५ टक्के फक्त एकेका तुकडीलाच दिसल्या होत्या. म्हणून तुमचं रेकॉर्डिंग एका मित्राला द्या. त्याने त्याची यादी स्वतंत्र करायची, तुम्ही तुमची, आणि तोवर एकमेकांशी बोलायचं नाही. मग समोरासमोर बसून जिथे मतं जुळत नाहीत ती दृश्यं पुन्हा बघा. मी या कामात जे काही शिकले, त्यातलं बरंचसं अशा बैठकांमध्ये शिकले.

आत्ता लगेच काय कराल? तीन टास्क लिहा आणि उद्या घरातल्याच कोणावर तरी पायलट, म्हणजे सरावाची टेस्ट, घ्या. ती टेस्ट अहवालात धरू नका, ती टास्कची भाषा दुरुस्त करण्यासाठी आहे. टास्कची वाक्यं इथे लिहिलीत तर मी वाचून, कुठे बटणाचं नाव आत शिरलंय ते नक्की सांगेन.