जळगावात नवीन आलोय, इथल्या वाचनालयाने सुचवलेली पुस्तकं, सिनेमे आणि कार्यक्रम यातलं आमच्या घराला काय चालेल?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून जळगावला बदली झालीय, घरात सत्तरीच्या आई आणि आठवीतली मुलगी आहे, वाचनालयाच्या फलकावर पुस्तकं-सिनेमे-कार्यक्रमांची यादी बघितली पण त्यातली निम्मी नावं ओळखीची नाहीत, मग सुरुवात कुठून करायची. मी पाचोऱ्याची, नोकरीसाठी जळगावला अपडाऊन करते आणि वाचनालयाची सभासद शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण वाचा.

माझं सांगणं एवढंच की यादी घेऊन वरून खाली वाचत बसू नका. इकडच्या एका लेखकाचं एक पुस्तक घ्या, ते वाचून झालं की त्याचं गाव बघून या, आणि त्या पुस्तकाला धरून एखादा सिनेमा असेल तर तो घरात सगळ्यांनी मिळून बघा. खान्देशात हे जमतं कारण सगळं जवळ जवळ आहे, एका बाजूला चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही लाइन आणि दुसऱ्या बाजूला सुरत लाइनवर धरणगाव, अमळनेर, सकाळी निघालं की संध्याकाळी जेवायला घरी.

आधी तुमच्या आईंचं बघू कारण ते सगळ्यात सोपं आहे. बहिणाबाई चौधरी. तुम्ही म्हणाल त्या तर पाठ्यपुस्तकात होत्या, हो, पण पाठ्यपुस्तकात दोन-तीन कविता असतात आणि पूर्ण 'बहिणाबाईंची गाणी' घरात मोठ्याने वाचणं हे वेगळंच काम आहे. आसोदा हे त्यांचं माहेर, १८८० चा जन्म, जळगावपासून इतकं जवळ की रिक्षाने जाऊन याल. सासर तर जुन्या जळगावातच, चौधरी वाडा, तिथे आता त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. लिहिता वाचता येत नव्हतं, शेतात काम करताना, जात्यावर बसल्या की गाणी सुचायची आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं ती उतरवून ठेवायची. त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरमध्ये आणि पुस्तक आलं १९५२ साली, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन, म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही, हे मला आजही फार लागतं. कोकणातल्या माणसाला बोली जड जाईल का असं विचाराल तर पहिली चार-पाच पानं जाईल, मग कानाला वळण पडतं. आणि एक, ही लेवा गणबोली आहे, अहिराणी नाही, बाहेरची माणसं दोन्ही एकच समजतात. अहिराणी तुम्हाला अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे ऐकू येईल, तिकडे दुकानात सुद्धा 'बरं शे ना भो' म्हणूनच बोलणं सुरू होतं.

बहिणाबाईंच्या जोडीला सिनेमा हवा तर 'मानिनी', १९६१ चा, अनंत मान्यांचा, 'अरे संसार संसार' हे बहिणाबाईंचं गाणं त्यातलंच. तुमच्या आईंनी तरुणपणी रेडिओवर ऐकलेलं असणारच. पुस्तक आधी आणि सिनेमा नंतर, हा क्रम मोडू नका, कारण चाल एकदा डोक्यात बसली की मग कविता त्या चालीतच वाचली जाते आणि शब्द निसटतात.

आता मुलीचं. फलकावर 'श्यामची आई' असणारच, सगळ्या वाचनालयांच्या यादीत असतं, आणि आठवीतली मुलं नाव ऐकूनच तोंड वाकडं करतात कारण शाळेत ते संस्कार म्हणून गळ्यात मारलेलं असतं. म्हणून माझा सल्ला, आधी 'सुंदर पत्रे' द्या. साने गुरुजींनी पुतणीला, सुधाला लिहिलेली पत्रं आहेत, त्यात उपदेश कमी आणि झाडं, फुलं, माणसं, कुठे काय चाललंय त्याच्या गप्पा जास्त. त्या वयाच्या मुलीला कुणीतरी मोठं माणूस इतक्या बरोबरीने लिहितंय हे वाचून बरं वाटतं, मी स्वतः भाचीवर करून बघितलंय. मग 'श्यामची आई' रोज एक रात्र, त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस, जेवण झाल्यावर आजीने वाचावं आणि नातीने ऐकावं किंवा उलट.

तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. गुरुजी तुमच्याकडचे, दापोली तालुक्यातल्या पालगडचे, आणि १९२४ साली मास्तर म्हणून आले ते आमच्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये. १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. म्हणजे गोष्ट सगळी कोकणातली, समुद्राकडची, पण लिहिणारा माणूस तोवर इथला झाला होता, पुढे शेतकऱ्यांसाठी, गिरणी कामगारांसाठी इथे झटला, १९३६ च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी गावोगाव फिरला. तुमच्या मुलीला नवीन गावात करमत नसेल (आठवीत शाळा बदलणं सोपं नाही, मैत्रिणी सुटतात) तर तिला अमळनेरला घेऊन जा आणि हे सगळं तिथे उभं राहून सांगा. तिथेच प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे, श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं, एका तालुक्याच्या गावात फक्त तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी काढलेली संस्था, मला त्याचं कायम अप्रूप वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलनही अमळनेरला झालं, सत्त्याण्णवावं, आणि त्याआधी १९५२ ला सुद्धा तिथेच झालेलं.

सिनेमा अत्र्यांचा, १९५३ चा, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक यालाच मिळालं होतं. २०२३ ला नवीन 'श्यामची आई' पण आलाय, तोही बघू द्या तिला, पण जुना चुकवू नका, काळापांढरा आहे म्हणून मुलं आधी कुरकुर करतात आणि मग दहा मिनिटांत गप्प बसून बघतात. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावला होता तेव्हा मागे उभं राहायला जागा नव्हती, चटया टाकून शाळेतली पोरं पुढे आणि त्यांच्या आज्या खुर्च्यांवर.

बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. हे नाव यादीत असेलच, धरणगावचे, १८९० चा जन्म. १९०७ साली जळगावला कवी संमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. अठ्ठावीस पूर्ण व्हायच्या आत, मे १९१८ मध्ये, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. माझी गाडी जळगावपर्यंतच असते म्हणून रोज नाही, पण भुसावळला जाताना भादली आलं की मी खिडकीतून बाहेर बघतेच. कविता तर वाचाच, पण त्यांच्यासोबत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या, कारण बालकवी लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड टिळक, यांच्या घरी राहायचे आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं, तो सगळा घरातला ठोंबरे, हट्टी, हळवा, रुसणारा, त्या पुस्तकात भेटतो. हे मला देवघेवीच्या टेबलावरच्या एका ताईंनी सांगितलं होतं, मी बालकवींच्या कविता परत करायला गेले तर म्हणाल्या आता हे न्या, त्याशिवाय ते पूर्ण होत नाही. वाचनालयाचं सुचवणं मी याला म्हणते. फलकावरची यादी सगळ्यांसाठी असते, टेबलावरचा माणूस तुमचं कार्ड बघून सांगतो. म्हणून माझं ऐका आणि गर्दी नसेल तेव्हा, दुपारी चारच्या आसपास जा, दोन मिनिटं बोला, मागच्या वेळी काय आवडलं काय नाही ते सांगा.

तुमच्या स्वतःसाठी, 'कोसला' वाचलं नसेल तर आता वाचायलाच हवं. लेखक भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, पुस्तक १९६३ चं, लिहिलं तेव्हा पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि परत गावाला येतो, आणि परत आल्यावरचा जो भाग आहे तो सातपुड्याच्या पायथ्याची ही केळीची, कापसाची गावं डोळ्यांनी बघितली की जास्त लागतो. पहिल्या शंभर पानांत कंटाळा आला तर ठेवून द्या, जबरदस्ती नको, महिन्याने परत घ्या. त्यांचीच 'हिंदू' ही कादंबरी मात्र लगेच घेऊ नका, ती मोठी आहे आणि आधी 'कोसला' पचलेली बरी.

कवी ना. धों. महानोरांचं गाव पळसखेडा तसं जळगाव जिल्ह्यात नाही, अजिंठ्याच्या बाजूला, पण काही शिक्षण जळगावला झालं आणि आम्ही त्यांना आमचंच मानतो. 'रानातल्या कविता' १९६७ चा. लहान पुस्तक आहे, पावसाळ्यात वाचा. सिनेमा 'जैत रे जैत', १९७७, जब्बार पटेलांचा, गाणी महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आणि स्मिता पाटील, तिचं घराणं शिरपूरचं, म्हणजे धुळे जिल्ह्याचं. तो घरात सगळ्यांनी एकत्र बघायचा सिनेमा आहे, आवाज मोठा ठेवून.

एक पुस्तक यादीत बहुतेक नसेल आणि मागून घ्यावं लागेल, वाहरू सोनवणेंचं 'गोधड'. शहाद्याकडचे भिल्ल कवी, तिथल्या आदिवासी चळवळीत काम केलेले. नवीन माणसाला खान्देश म्हणजे केळी, वांग्याचं भरीत आणि सोनं एवढंच दाखवतात, नंदुरबारकडचा डोंगरातला खान्देश कुणी दाखवत नाही. आठवीतल्या मुलीला त्यातल्या कविता कळतील, साध्या शब्दात आहेत, आणि तिने त्यावर प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायला तुम्हाला बसावं लागेल. कपाटात नसेल तर मागणी वहीत नाव लिहून या, वही असते, लोक वापरत नाहीत म्हणून पुस्तकं येत नाहीत.

कार्यक्रमांचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबरात १४ ते २० ग्रंथालय सप्ताह, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, यातलं निम्मं भाषणं आणि हारतुरे असतं, तिथे नाही गेलात तरी चालेल. जायचं ते ग्रंथोत्सवाला, जिल्ह्याचा असतो, पुस्तकांचे स्टॉल, कवी संमेलन, आणि त्यातलं अहिराणी कवी संमेलन तर सोडूच नका, एक शब्द कळला नाही तरी शेजारची बाई सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालविभागात गोष्ट सांगणं, चित्रं काढणं असं काही असेल तर मुलीला नुसतं बसायला पाठवू नका, लहान मुलांना वाचून दाखवायला मदत करू का असं विचारायला सांगा, आठवीची मुलं या कामाला फार उपयोगी पडतात आणि तिला चार ओळखी होतील. आईंना आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) आणि श्रावणात कानबाई देवीची गाणी ऐकायला मिळाली तर ती वाचनालयात नाही, गल्लीतच मिळतील, शेजारणींना आधीच सांगून ठेवा, त्या स्वतः बोलवायला येतील.

एखादा पूर्ण रविवार मिळाला तर चाळीसगाव. केकी मूस नावाचे फोटोग्राफर, १९१२ ते १९८९, स्टेशनजवळच्या त्यांच्या घराचं संग्रहालय केलंय, वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ न पडता टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी असे फोटो काढलेत की खरा बर्फ, खरा डोंगर वाटावा. मुलीला मोबाईलवर फोटो काढायची आवड असेल तर हे दाखवाच. आणि इतिहासाचं वेड असलेलं कुणी घरात असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, वि. का. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे उभं राहिलं.

सभासद होण्याचं सोपं आहे, जळगावात वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय आहे, शिवाय तुमच्या कॉलनीच्या जवळ एखादं लहान असेलच. आधार कार्डची झेरॉक्स, फोटो, अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी, अनामत सोडताना परत मिळते, पावती जपून ठेवा. दोन पुस्तकांचं कार्ड घ्या, एक आईंचं आणि एक तुमचं, मुलीसाठी बालविभागाचं वेगळं. वर्गणी वेळेवर भरा, ही वाचनालयं सरकारी अनुदान आणि सभासदांच्या पैशावर कशीबशी चालतात, तिथे काम करणाऱ्यांना मिळतं ते फार थोडं असतं आणि तरी ते संध्याकाळी उशिरापर्यंत बसलेले असतात. दिवाळी अंकांची योजना असते त्याचं पण विचारून ठेवा, थोडे पैसे भरले की सगळे अंक आळीपाळीने घरी वाचायला मिळतात, पण नाव दसऱ्याच्या आधी द्या, नंतर चांगले अंक फिरतीवर जातात आणि आपला नंबर संक्रांतीला लागतो.