सोडलेला बकरा, कापलेला बकरा

मागच्या एका अंकात मी आमच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, सणांची जुनी मराठी नावे दिली होती. त्यातला ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, वाचकांच्या चांगलाच लक्षात राहिलेला दिसतो. हिब्रूत त्याला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात. आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत. पहिल्याला उत्तर लांबले आहे. संपादकांनी कात्री लावली नाही तर तसेच छापले जाईल.

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. आमच्या बायबल वर्गात सध्या इब्री लोकांस पत्र चालू आहे. रक्त सांडल्याशिवाय पापांची क्षमा नाही, असे नवव्या अध्यायात आहे. तुमचे जेरुसलेमचे मंदिर पडून दोन हजार वर्षे होत आली. यज्ञ नाही, याजक नाही. मग तुम्हा लोकांना क्षमा मिळते कशी? राग मानू नका. (एक वाचक भगिनी, वसई)

उत्तर : राग कसला, ताई. हाच प्रश्न मला शाळेत, डबा खाताना, एका सहशिक्षिकेने विचारला होता. तेव्हा ‘आमचं आम्ही बघून घेऊ’ म्हणून मी भाजीत मान घातली. तुम्हाला तरी नीट उत्तर देते.

आधी ते वाक्य पूर्ण वाचा. नियमशास्त्राप्रमाणे ‘जवळजवळ’ सगळे रक्ताने शुद्ध होते, अशी त्याची सुरुवात आहे. पत्र लिहिणाऱ्याला शास्त्र पाठ होते, म्हणून त्याने तो शब्द घातला. तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, लेवीयाच्या पाचव्या अध्यायात पापार्पणाची उतरंड दिली आहे. ऐपत असेल त्याने शेळी-मेंढी आणावी, नसेल त्याने दोन पारवे, आणि तेही परवडत नसतील त्याने एफाचा दहावा हिस्सा सपीठ आणावे. आपल्या मापाने दोनेक लिटरचा डबा. वर तेल नको, धूप नको. याजकाने मूठभर वेदीवर जाळले की त्या माणसाला क्षमा. रक्ताचा थेंब नाही. गरिबाला देवाने पिठावर सोडले, ही गोष्ट लहानपणापासून मला फार आवडते.

आता सोळावा अध्याय, म्हणजे खुद्द योम किप्पूर. दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वराचा, दुसरा अजाजेलचा. परमेश्वराचा कापायचा आणि त्याचे रक्त महायाजकाने पडद्याआड, परमपवित्र स्थानात नेऊन शिंपडायचे. वर्षातून या एकाच दिवशी तिथे पाऊल टाकायची मुभा होती. ते रक्त पडते कुठे, हे बघा. कुणा माणसाच्या अंगावर नाही, ते दयासनावर, म्हणजे कराराच्या पेटीच्या झाकणावर, आणि दयासनासमोर पडते. लोकांच्या पापाचा मळ वर्षभर त्या पवित्र जागेवर साचत जातो आणि रक्ताने ती जागा धुतात, अशी ती कल्पना आहे. सणाआधी आपण घर सारवून घ्यायचो, त्या जातीचे काम.

दुसऱ्या बकऱ्याची गोष्ट निराळी. महायाजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या इस्राएलची पापे बोलून दाखवतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. जिवंत. (मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, पाहिले तर पुढे त्याला कड्यावरून लोटण्याची रीत पडलेली दिसते, लेवीयात तसे नाही.) म्हणजे ज्याच्या डोक्यावर पापे लादली तो वेदीवर गेला नाही, आणि जो वेदीवर गेला त्याच्या डोक्यावर कुणी पापे लादली नव्हती. मी जन्मभर मराठी शिकवले, म्हणून एक टोचते ते सांगते. दुसऱ्याच्या अपराधापायी भरडल्या जाणाऱ्याला आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो. इंग्रजीतला त्याचा प्रतिशब्द ‘स्केपगोट’ विल्यम टिंडेलने १५३० साली याच अध्यायाच्या भाषांतरात घडवला आणि त्याचा अर्थ होता ‘सुटून गेलेला बकरा’. मराठीत येईपर्यंत सुटलेल्याचा बळी पडला!

तुमच्याकडे हे दोन्ही बकरे एकाच माणसात, ख्रिस्तात, आले. त्यात वल्हांडणाचे कोकरू मिसळले. खरे तर ते पापासाठी नव्हतेच. त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि घरच्यांनी मिळून ते भाजून खायचे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला दुःख सोसणारा सेवकही त्यातच आला. याला मी चूक म्हणणार नाही. हे करणारी पहिली माणसे आमचीच होती. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल ख्रिस्ताला जो ग्रीक शब्द लावतो, तोच शब्द तोराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी आहे. नीतिमान माणसाच्या मरणाने इतरांचे प्रायश्चित्त होते, हे तालमूदातही, म्हणजे मिश्ना आणि त्यावरच्या चर्चेच्या ग्रंथातही, आहे. मोएद कातान या भागात तांबड्या कालवडीशी (तिची राख शुद्धीसाठी वापरत) त्याची तुलना केली आहे. तेव्हा ‘हे बाहेरून आलेले खूळ’ असे कुणी आमच्यातला म्हणाला, तर त्याला आधी आपलेच पुस्तक उघडायला सांगा. मी फक्त ‘शिवाय क्षमा नाही’ या शेवटच्या तुकड्याशी सहमत नाही.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. त्यानंतरची एक गोष्ट सांगतात. रब्बान योहानान बेन झक्काई आपल्या शिष्याबरोबर, रब्बी यहोशुआबरोबर, जेरुसलेमातून चालले होते. तो ढिगारा बघून यहोशुआ म्हणाला, आमचे वाटोळे झाले, पापांचे प्रायश्चित्त व्हायची जागाच गेली. योहानान म्हणाले, पोरा, जीव जाळू नकोस. त्याच्या तोडीचे दुसरे प्रायश्चित्त आपल्याजवळ आहे, माणसांवर केलेली दया. आणि त्यांनी होशेय संदेष्ट्याचे वचन काढले : मला दया हवी, यज्ञ नको. हे वचन येशूच्याही तोंडी आहे, मत्तयात दोनदा, तुम्हाला माहीत असेलच. योम किप्पूरच्या दुपारी आम्ही योनाचे पुस्तक वाचतो तेही यासाठीच. निनवेची माणसे आमची नव्हेत, त्यांच्याकडे आमचे मंदिर नव्हते. त्यांनी उपास केला, वाईट वाट सोडली, आणि देवाने त्यांना सोडले.

आता मंदिराच्या जागी आमच्याकडे काय आहे, ते सांगते. ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये (१८७९ चे आहे) २०२५ साली योम किप्पूर २ ऑक्टोबरला आला. त्या दिवशी गांधीजयंती होती आणि दसराही. बाहेर झेंडू आणि ढोल, आत आम्ही पांढऱ्या कपड्यांत, पाण्याचा घोट नाही. पंचवीस तासांचा उपास. दुपारच्या आसपास ‘अवोदा’ येते, म्हणजे महायाजकाने त्या दिवशी काय काय केले ते सगळे म्हणून दाखवायचे. त्यात शिंपडण्याची मोजणी आहे. एकदा वर, सातदा खाली : एक, एक आणि एक, एक आणि दोन, असे एक आणि सातपर्यंत. लहानपणी मी आजोबांच्या मांडीवर बसून ती मोजायची. त्यांचे बोट माझ्या तळहातावर आपटायचे. बकरा नाही, रक्त नाही, पण मोजताना एक आकडा चुकलेला खपायचा नाही. मग सगळे पुरुष जमिनीवर पालथे होत, आणि पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येई.

पापकबुलीही त्या दिवसात अनेकदा होते. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने एकेक पाप, आणि प्रत्येकाला छातीवर मूठ. तुम्ही मिस्सामध्ये ‘माझा अपराध’ म्हणत छाती बडवता, ते पाहून मला घरचेच वाटते. फरक इतकाच की आमच्याकडे सगळे अनेकवचनी आहे. ‘आम्ही चोरी केली’ असे चोरी न केलेल्यानेही म्हणायचे.

एक गोष्ट मात्र बकऱ्यानेही साधत नव्हती आणि उपासानेही साधत नाही. मिश्नात स्पष्ट आहे : माणसाने देवाचे केलेले पाप योम किप्पूर फेडतो, माणसाने माणसाचे केलेले, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत फिटत नाही. ‘पाप करीन, योम किप्पूर बघून घेईल’ म्हणणाऱ्याचे तर मुळीच नाही. अलिबागेस आजोळी मी शेजारच्या काकूंची लोणच्याची बरणी फोडली आणि मांजरीवर ढकलले. मी आठ वर्षांची असेन. दारफाळणीच्या आदल्या दुपारी आजीने मला अंगणात उभे केले. ‘देवाकडं उद्या जा. आज पहिली तिच्याकडं जा.’ गेले. काकू तांदूळ पाखडत होत्या. सगळे ऐकून सूप न थांबवता म्हणाल्या, ‘मांजर दादरा सोडून झाकण काढतं व्हय गं? मला तवाच कळलं हुतं.’

प्रश्न : मंदिराच्या दाराला बांधलेला लाल धागा प्रायश्चित्ताच्या दिवशी पांढरा होई आणि इ. स. ३० पासून तो पांढरा व्हायचा थांबला, कारण त्या वर्षी ख्रिस्ताचे बलिदान झाले, हे यहुद्यांच्याच ग्रंथात आहे, असे मी एका प्रवचनात ऐकले. खरे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्धे खरे आहे. तालमूदात योमा या भागात ते आहे. मंदिर पडण्याआधीची चाळीस वर्षे परमेश्वराची चिठ्ठी महायाजकाच्या उजव्या हातात आली नाही, धागा पांढरा झाला नाही, पश्चिमेचा दिवा टिकला नाही, दारे आपोआप उघडू लागली. सत्तरातून चाळीस गेले, तीस उरले. बेरीज-वजाबाकी बरोबर. ‘ख्रिस्ताच्या बलिदानामुळे’ हे मात्र त्या ग्रंथात कुठेच नाही. ते प्रवचनकाराने जोडले.

त्याच पानावर थोडे आधी काय आहे, हे प्रवचनकार सांगत नाहीत. शिमोन हात्सद्दीक महायाजक होता ती चाळीस वर्षे धागा दरवर्षी पांढरा होई. त्याच्यानंतर कधी होई, कधी नाही. म्हणजे धागा रुसायला ख्रिस्ताच्या कितीतरी आधी लागला होता. शिवाय चाळीस हा आमच्या ग्रंथांचा लाडका आकडा आहे. पाऊस चाळीस दिवस, रानवास चाळीस वर्षे. त्यावर पंचांग मांडू नये. आणि मंदिर का पडले, याचे उत्तर त्याच योमामध्ये वेगळे दिले आहे : लोक एकमेकांचा निष्कारण द्वेष करीत होते म्हणून.

मला त्या धाग्याची दुसरीच हकिकत आवडते. पूर्वी तो दालनाच्या दाराबाहेर बांधत. पांढरा झाला की लोक आनंदायचे, नाही झाला की तोंडे उतरायची. म्हणून तो आतल्या बाजूला बांधू लागले, तर लोक वाकून वाकून बघू लागले. शेवटी अर्धा रानातल्या खडकाला आणि अर्धा बकऱ्याच्या शिंगांना बांधायचे ठरले. निकाल बघायची घाई माणसाला तेव्हाही होती.

प्रश्न : यहुदी लोक डोक्यावरून कोंबडा ओवाळून पापे उतरवतात म्हणे. हा आपल्या उताऱ्याचाच प्रकार नाही का? तुमच्या घरी करतात का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : याला ‘कपारोत’ म्हणतात. जेरुसलेमच्या मेआ शेआरीम भागात, ब्रुकलिनमध्ये, हसीदी या कडव्या यहुदी पंथाच्या वस्त्यांत आजही चालते. पुरुषाला कोंबडा, बाईला कोंबडी. तीनदा डोक्याभोवती फिरवून म्हणायचे : हा माझा बदली, हा माझ्या जागी, हे माझे प्रायश्चित्त, हा मरणाला जाईल, मी चांगल्या, दीर्घ आयुष्याला जाईन. मग तो कापून गरिबाला द्यायचा.

दिसायला उताराच आहे, आणि हाच आक्षेप आमच्या पंडितांनी घेतला. तेराव्या शतकात बार्सिलोनाच्या रश्बा या रब्बीने ‘ही परक्यांची रीत’ म्हणून आपल्या गावात ती बंद केली. सोळाव्या शतकात सफेदच्या योसेफ कारोने आपल्या शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात ही रीत रोखावी असे लिहिले. त्यावर क्राकूचा मोशे इस्सरलेस म्हणाला, जुनी चाल आहे, मोडू नका. पोलंडकडचे त्याच्या मागे गेले.

वसईच्या ताईंनीही हे वाचावे. ‘माझ्याऐवजी हा मरो’ असे इतक्या उघड शब्दांत आमच्याकडे जिथे म्हणतात, तो विधी लेवीयात नाही. मंदिर पडल्यावर कित्येक शतकांनी बाबिलोनच्या यहुद्यांत तो पहिल्यांदा दिसतो, आणि त्यावर आमच्यातच भांडण आहे.

पुष्कळ जण आता कोंबड्याऐवजी रुमालात पैसे बांधून फिरवतात आणि ते दान करतात. आमच्या घरी तेही नाही; अठराच्या पटीत पैसे मोजून सरळ दानपेटीत टाकतो, कारण हिब्रूत ‘जीवन’ या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा होते. कोंबडी आमच्याकडे त्या संध्याकाळी येते ती नारळाच्या दुधातल्या रश्श्यातून, सूर्य बुडायच्या आत, उपास सुरू होण्यापूर्वी.